मंगळवारची रात्र की बुधवारची? दुबईतल्या शेवटच्या दिवसाचं एक प्रकरण

ही घटना नोव्हेंबर २०२५ मधली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वेळा, वजनं आणि हिशेब मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण निर्णय त्यांच्यावरच झाले. कस्टम्सचे आकडे त्या वेळच्या नियमांनुसार आहेत. या मर्यादा बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी चालू नियम बघून घ्यावेत.

पार्श्वभूमी

नाशिकच्या इंदिरानगर भागातलं पाच जणांचं कुटुंब. वडील ४३ वर्षांचे, अंबड एमआयडीसीत छोटं युनिट. आई ४० वर्षांच्या. मुलगी दहावीत, मुलगा चौथीत. सोबत आजी, वय ७१, मधुमेह, रोज इन्सुलिन. गुडघ्यांमुळे लांब चालणं जमत नाही. दिवाळीच्या सुट्टीत सहा रात्रींची दुबई सहल, नाशिकच्याच एका एजंटकडून. जायचं ३० ऑक्टोबरला. हॉटेल बर दुबईत, मीना बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. चेक-आउट ५ नोव्हेंबर, दुपारी १२.

परतीच्या तिकिटावर होतं: दुबई, टर्मिनल १, ५ नोव्हेंबर, ००:५०. मुंबई, टर्मिनल २, ५ नोव्हेंबर, ०५:२५.

आजींचं यायचं उशिरा ठरलं, म्हणून त्यांचं तिकीट वेगळं काढलं होतं. विमान तेच, पण पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, दुसरा. चौघांच्या तिकिटांवर माणशी २० किलो सामान, आजींच्या तिकिटावर ३० किलो. काढताना हा फरक कुणी पाहिला नव्हता. शेवटच्या दिवशी तोच नडला आणि तोच कामालाही आला.

घोळ नेमका कुठे झाला

सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं: ५ तारखेला रात्री विमान. त्यामुळे बेतही तसाच. ४ तारखेला, मंगळवारी, दुपारी तीनला डेझर्ट सफारी. ५ तारखेला सकाळी सोनं ताब्यात घ्यायचं, दुपारी बॅगा भरायच्या, संध्याकाळी निवांत विमानतळ.

००:५० म्हणजे रात्रीचे पाऊण वाजून गेलेले, हे सगळ्यांना कळत होतं. वाचता न येण्याचा हा प्रश्न नव्हता. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. मध्यरात्रीनंतर एक वाजता कुणी जागं असेल तर तो म्हणतो, 'मंगळवारची रात्र आहे.' तिकिटाचा वार मात्र बाराच्या ठोक्याला बदलतो. मग '५ तारीख, रात्री पाऊण' असं वाचलं की मराठी कान त्याला ५ तारखेच्या दिवसानंतरची रात्र समजतो. प्रत्यक्षात ती ४ तारखेच्या दिवसानंतरची असते. पंचांगात ही अडचण येत नाही. तिथे मध्यरात्रीनंतरची वेळ २४ च्या पुढे मोजायची पद्धत आहे. त्या हिशेबाने हे विमान मंगळवारी २४:५० ला सुटत होतं.

गैरसमज पक्का केला तो हॉटेलच्या बुकिंगने. एजंटने खोली मुद्दाम ५ तारखेपर्यंत घेतली होती, म्हणजे आजींना मंगळवारी रात्री निघेपर्यंत पाठ टेकायला जागा राहील. हे योग्यच होतं. पण का घेतली, ते सांगायचं राहिलं. घरच्यांनी चेक-आउटची तारीख पाहिली आणि '५ तारखेपर्यंत आहोत' याला पुरावाच मिळाला. सहलीच्या कागदावरही 'सातवा दिवस, ५ नोव्हेंबर: प्रस्थान' एवढंच लिहिलेलं होतं. विमान कंपनीचे आठवणीचे मेसेज बुकिंगला दिलेल्या नंबरवर, म्हणजे एजंटच्या ऑफिसात गेले. वेब चेक-इन ४८ तास आधी उघडलं होतं, पण वडिलांच्या फोनवर कंपनीचं अ‍ॅपच नव्हतं.

लक्षात आलं ते गाडीवाल्यामुळे. नाशिक-मुंबई विमानतळ अशा फेऱ्या करणाऱ्या या माणसाकडे तिकिटाचा फोटो आठवडाभर पडून होता. मंगळवारी दुबईत दुपारचे २:१० झाले असताना, म्हणजे नाशिकला ३:४० ला, त्याचा फोन आला. 'काका, विमान पहाटे पाच पंचवीसला उतरतंय, पाच तारखेला. म्हणजे मी आज रात्री साडेबाराला निघायचं ना?' वडील म्हणाले, 'उद्या रात्री.' त्यावर तो म्हणाला, 'मग तिकिटावर सहा तारीख पाहिजे होती.'

तेव्हा वडील आणि मुलगी खाडीपलीकडच्या देरा भागात, गोल्ड सूक या सोनेबाजारात होते. आई, आजी आणि मुलगा हॉटेलात. पाचही पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत. इन्सुलिन खोलीतल्या फ्रिजमध्ये. नऊ कपडे लॉन्ड्रीत, मिळणार उद्या सकाळी. बॅगा उघड्या. विमान सुटायला १० तास ४० मिनिटं.

खरी मुदत किती

इथे बहुतेकांची चूक होते. सुटण्याच्या वेळेपासून तास मोजले तर हातात भरपूर वेळ दिसतो. मोजायचं ते काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचं काउंटर साधारण एक तास आधी, म्हणजे इथे ११:५० ला बंद होणार. आजींना व्हीलचेअर लागणार, ती मिळायला वीस-पंचवीस मिनिटं. खरेदीवरच्या व्हॅटचा परतावा घ्यायचा असेल तर त्याची पडताळणी सामान देण्याआधी करून घ्यावी लागते. बर दुबईहून टर्मिनल १ फार लांब नाही, पण संध्याकाळी पाच ते आठ रस्ते तुंबतात. शिवाय पाच माणसं आणि सहा बॅगा साध्या टॅक्सीत मावत नाहीत. हे सगळं उलटं मोजत आलं की हॉटेलचं दार रात्री नऊला सोडायला हवं होतं. म्हणजे पावणेअकरा तास नव्हे, पावणेसात.

सफारीला गेले असते तर हॉटेलवर परत यायला साडेनऊ झाले असते. तेव्हा घोळ लक्षात आला असता तरी विमान कदाचित मिळालं असतं, पण लॉन्ड्रीतले कपडे, सोन्याची आगाऊ रक्कम आणि निम्मं सामान मागे राहिलं असतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आजच निघायचं. सफारीचे ७५० दिरहॅम बुडणार, कारण चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर परतावा नाही. सोन्याचं जे काय ते दोन तासांत.

दुसरा, तिकिटं पुढे ढकलायची. विमान सुटण्याआधी बदल करता येतो. सुटल्यावर 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही असा शेरा लागतो आणि हाती फारसं काही येत नाही. एजंटने पंधरा मिनिटांत आकडा दिला. ६ तारखेच्या ००:५० च्या विमानात जागा होत्या, बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून माणशी १२,४०० रुपये. पाच जणांचे ६२,०००. हॉटेलची आणखी एक रात्र वेगळी. शिवाय मुलाची शाळा ६ तारखेला सकाळी उघडणार होती. व्हिसाची काळजी नव्हती, तो ३० दिवसांचा होता. व्हिसा संपत आला असता तर मुदतीबाहेरच्या प्रत्येक दिवसाला माणशी ५० दिरहॅम दंड याच हिशेबात धरावा लागला असता.

तिसरा पर्याय वडिलांनी सुचवला: बाकीचे चौघं आज जातील, मी एक दिवस थांबून सोनं घेऊन येतो. कागदावर हा सर्वांत स्वस्त दिसतो, कारण तिकीट एकच बदलायचं. पण आजींची व्हीलचेअर, नऊ वर्षांचा मुलगा, सहा बॅगा आणि मोठं माणूस एकच. आईंनी फोनवरच नाही म्हटलं, आणि बरोबर केलं.

निर्णय २:४५ ला झाला. शेवटचा शब्द आजींचा. ५ नोव्हेंबरला त्रिपुरारी पौर्णिमा होती. यंदा गोदाघाटावरचे दिवे चुकणार म्हणून त्या आठवडाभर अधूनमधून हळहळत होत्या. त्यांनी एकच विचारलं, 'आज निघालो तर पौर्णिमेला घरी पोचतो ना? मग चला की.'

सोन्याचा निर्णय

या प्रकरणातला सर्वांत महागडा धोका विमान चुकण्याचा नव्हता, तो इथे होता.

वडिलांनी २२ कॅरेटच्या, २४ ग्रॅम वजनाच्या बांगड्यांची जोडी ठरवून १,००० दिरहॅम आगाऊ दिले होते. माप वाढवून बांगड्या संध्याकाळी सहाला मिळणार होत्या. सोनं, घडणावळ आणि ५ टक्के व्हॅट मिळून साधारण १२,१०० दिरहॅम, म्हणजे २ लाख ९० हजार रुपयांच्या आसपास. हिशेबाचा पाया एकच: 'बाईमाणसाला ४० ग्रॅमपर्यंत सोनं माफ असतं.'

हे वाक्य दिवाळीत आणि मे महिन्यात घराघरांत फिरतं, आणि अर्धंच फिरतं. त्या वेळच्या बॅगेज नियमांत स्त्री प्रवाशाला ४० ग्रॅम आणि १ लाख रुपये, पुरुषाला २० ग्रॅम आणि ५० हजार रुपये अशी दागिन्यांची सवलत होती खरी. पण ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना. आठवडाभर फिरून येणाऱ्याला ती लागू नव्हती. त्याच्या वाट्याला सर्वसाधारण सवलत, माणशी ५०,००० रुपये. त्यातच मोबाइल, अत्तर, चॉकलेट आणि दागिना सगळं बसवायचं. नाणं किंवा बिस्किट या सवलतीत येतच नाही. आणि कुटुंबातल्या पाच जणांची सवलत एकत्र करून एका दागिन्यावर लावता येत नाही. वरच्या रकमेवर तेव्हा बॅगेजचा दर ३५ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार, मिळून ३८.५ टक्के. सोन्यावरचं आयात शुल्क जुलै २०२४ मध्ये ६ टक्क्यांवर आलं, ही बातमी सगळ्यांना पाठ होती. प्रवाशाला तो दर मिळायचा तर निदान सहा महिने बाहेर राहिलेलं असावं लागायचं, हे मात्र फार जणांना ठाऊक नव्हतं.

मुलीने कस्टम्सच्या संकेतस्थळावरचा नियम दुकानाबाहेर उभ्या उभ्या वडिलांना वाचून दाखवला. २ लाख ९० हजारातून ५० हजार वजा केले, तर उरलेल्या २ लाख ४० हजारांवर ९२ हजारांच्या आसपास शुल्क. नाशिकच्या सराफ बाजारातल्या ओळखीच्या पेढीला फोन लावला. तशाच जोडीचा त्यांचा त्या दिवसाचा भाव धरला तर दुबईतली बचत पंधरा हजारांच्या आत. पंधरा हजार वाचवायला ब्याण्णव हजार भरायचे, किंवा न भरता कस्टम्सच्या हिरव्या मार्गाने, म्हणजे 'जाहीर करण्यासारखं काही नाही' म्हणत, जाऊन पकडलं जायचं. यात विचार करण्यासारखं काही उरलं नाही.

आगाऊ रक्कम दुकानदार रोख परत देणार नव्हता. पावतीवर तसं छापलेलंही होतं. त्यातच दुसरी वस्तू घ्यायला मात्र तयार झाला. मग ४ ग्रॅमची साधी साखळी घेतली, सगळं मिळून १,९४० दिरहॅम, रुपयांत साडेसेहेचाळीस हजार. आईंच्या सवलतीत ती बसत होती. वजन, शुद्धता, घडणावळ आणि व्हॅट वेगवेगळे लिहिलेलं बिल मागून घेतलं. कस्टम्सच्या टेबलावर विचारलं तर हेच दाखवावं लागतं.

पर्यटकाला मिळणाऱ्या व्हॅट परताव्याचा टॅग त्या बिलाला लागला नाही. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत होता आणि दुकान फोनमधल्या फोटोवर टॅग करायला तयार नव्हतं. परतावा किती? व्हॅट सुमारे ९२ दिरहॅम, त्यातून सेवाशुल्क वजा. म्हणजे ७५ दिरहॅमच्या आसपास. त्यासाठी हॉटेलात जाऊन परत यायचं म्हणजे दीड तास. वडील क्षणभर घुटमळले. मुलीने त्यांना अब्राच्या, म्हणजे लाकडी होडीच्या, धक्क्याकडे वळवलं. माणशी एक दिरहॅम देऊन खाडी ओलांडली, ४:१० ला हॉटेल.

संध्याकाळ: बॅगा, कपडे, पार्सल

वडील परतेपर्यंत आईंनी तीन कामं उरकली होती. सफारीची गाडी दाराशी आली, तिला परत पाठवलं. लॉन्ड्रीला फोन करून कपडे कसेही असोत, सातपर्यंत द्या म्हणून सांगितलं. आणि विमान कंपनीला फोन करून आजींच्या पीएनआरवर व्हीलचेअर मागितली. ती मागणी ४८ तास आधी नोंदवायची असते. उशिरा केली तर मिळते, पण वाट पाहावी लागते. मुलीने येता येताच दोन्ही पीएनआरचं वेब चेक-इन केलं. आजींच्या शेजारची जागा मिळाली नाही, चार ओळी मागची मिळाली.

मग वजन. हॉटेलच्या जिममध्ये माणसांचं वजन करायचा काटा होता. वडील आधी नुसते उभे राहिले, मग बॅग घेऊन, आणि फरक कागदावर. या पद्धतीत अर्धा-पाऊण किलो इकडेतिकडे होतो, म्हणून प्रत्येक बॅगेला एक किलो हात राखून धरलं. एकूण भरलं १०४ किलो. पाचांची मिळून परवानगी ११०. वरवर पाहता सगळं ठीक. पण चौघांच्या पीएनआरवर ८० ची परवानगी आणि सामान ९१ किलो; आजींच्या पीएनआरवर ३० ची परवानगी आणि त्यांची बॅग १३ किलोची. वजन एकत्र धरतात ते एका पीएनआरच्या आत. दोन पीएनआर असतील तर काउंटरवरचा माणूस चौघांच्या ११ किलो जादा सामानाचे पैसे मागू शकतो, आणि विमानतळावरचा किलोचा दर आधी घेतलेल्या दरापेक्षा बराच चढा असतो.

म्हणून १५ किलो सामान आजींच्या बॅगेत हललं: मिल्क पावडरचे डबे, खजूर, मुलांचे बूट. चौघांचं ७६, आजींचं २८. कोणतीही एक बॅग ३२ किलोच्या वर जाऊ द्यायची नाही. त्यापुढे ती घेतच नाहीत, जादा पैसे मोजायची तयारी असली तरी.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला मिंक ब्लँकेटने. दुबईहून येणाऱ्या घरात हे ब्लँकेट असायचंच. ते चेन लावलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतं, चारही बाजूंनी फुगलेलं, वर पट्ट्याचं हँडल. दुबई विमानतळाचा २०१७ पासूनचा नियम असा की चेक-इनच्या बॅगेला निदान एक सपाट बाजू हवी. गोलसर, वेडंवाकडं किंवा लांब पट्टे लोंबणारं सामान पट्ट्यावर अडकतं, म्हणून परत पाठवतात. मग तिथेच खोक्यात भरून घ्यायचं, पैसे देऊन. सहा किलोचं ते ब्लँकेट पिशवीतून काढलं, लांबट घडी घातली, मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवलं आणि मुलाला त्यावर बसवून हवा काढली. पाचव्या प्रयत्नात चेन लागली.

चेक-इनच्या बॅगेतून दोन पॉवर बँक बाहेर आल्या. त्या केबिनमध्येच लागतात. अत्तराच्या १०० मिलीच्या तीन बाटल्या उलट केबिनमधून कपड्यांच्या घडीत गेल्या. तीन दिवसांपूर्वी घेतलेला मोबाइल मोठ्या बॅगेच्या पोटात होता, तो शोधून हातात ठेवला. त्याच्या बिलाला टॅग लागलेला होता आणि पडताळणीला वस्तू दाखवायला सांगू शकतात. १,५७५ दिरहॅमच्या फोनवर व्हॅट ७५, परतावा ५९ च्या आसपास.

एका बॅगेत एक बंद पार्सल सापडलं. शारजात राहणाऱ्या ओळखीच्या माणसाने 'नाशिकला भावाकडे द्या' म्हणून दिलेलं. आईंनी ते उघडलं. आत सिगारेटची दोन कार्टन, ४०० कांड्या. माणशी मर्यादा १००. त्या माणसाला फोन करून पार्सल रिसेप्शनवर ठेवलं. तो नाराज झाला; नंतर कळलं की आठवडाभर त्याने ते नेलंही नव्हतं.

जेवण सव्वासातला, खालच्या उडुपीतून वरण-भात आणि इडल्या. आजींचं इन्सुलिन आणि जेवण हॉटेलातच व्हावं असं मुद्दाम ठरवलं होतं. विमानतळावरच्या रांगेत जेवणाची वेळ कधी टळेल सांगता येत नाही, आणि इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं तर साखर उतरते. उरलेली पेनं जेल पॅकसह आजींच्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत. ती चेक-इनला द्यायची नाहीत. सामानाच्या कप्प्यात गोठली तर निकामी होतात.

७:४० ला लॉन्ड्री आली. सात कपडे वाळलेले, आजींच्या दोन सुती साड्या ओल्या. पिळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या. ओलेपणाने दीड किलो वाढलं, ते आजींच्याच बॅगेत गेलं. साडेएकोणतीस.

मेट्रोचा विचार झाला आणि सोडून दिला. टर्मिनल १ ला लाल मार्गाचं स्टेशन आहे, पण बर दुबईतून हिरव्या मार्गाने निघून गाडी बदलावी लागते, माणशी सामानावर मर्यादा आहे आणि आजींना ते झेपणारं नव्हतं. रिसेप्शनने सात जणांची मोठी टॅक्सी नऊला मागवली.

नाशिकच्या टोकाला

गाडीवाल्याचा फोन आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा. तो स्वतः त्या दिवशी पहाटे शिर्डीची फेरी करून आला होता. रात्री साडेबाराला नाशिक सोडायचं, पाचला मुंबई, आणि लगेच परत म्हणजे सलग रात्र आणि सकाळ चाकावर. वडिलांचा ओढा ओळखीच्या माणसाकडेच होता. त्याने आपणहून सांगितलं, 'मी नको, माझा भाचा झोप काढून येईल.' गाडी तीच, हात बदलले. विमान चुकू नये म्हणून झालेल्या सगळ्या धावपळीत हा निर्णय किरकोळ वाटतो. माझ्या मते दिवसातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

शेवट काय झाला

९:०५ ला हॉटेल सोडलं, ९:३५ ला टर्मिनल १. आधी व्हॅटची पडताळणी, पंधरा मिनिटं. परतावा कार्डावर घेतला, म्हणजे रोखीची दुसरी रांग टळली. काउंटर ९:५० ला उघडलं. आजींची बॅग २९.१, चौघांच्या मिळून ७६.४. एक पैसा जादा लागला नाही. व्हीलचेअरला २५ मिनिटं लागली, तोवर आजी बॅगांच्या ट्रॉलीवर टेकून उभ्या. इमिग्रेशन संपायला ११:१०. आजींच्या शेजारची जागा एका तरुणाने आईंना बदलून दिली.

मुंबईत वेळेवर उतरले. हिरव्या मार्गाने बाहेर. कुणी थांबवलं नाही. आजींच्या हातातल्या चार तोळ्यांच्या पाटल्यांवर प्रश्न आला असता, तर हे सोनं इथूनच नेलं होतं असा, जाताना कस्टम्सकडून घ्यायचा निर्यात दाखला त्यांच्याकडे नव्हता. जातानाच्या दिवशी विमानतळावर काढलेला एक फोटो तेवढा फोनमध्ये होता. निभावलं.

६:५० ला गाडी निघाली. भिवंडीच्या अवजड वाहनांत अर्धा तास गेला, मग आमण्याहून समृद्धी महामार्ग. इगतपुरीपर्यंतचा हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्येच खुला झाला होता, त्यामुळे कसारा घाट चढावा लागला नाही. घोटीला चहा. सव्वादहाला घर.

खर्चाचा हिशेब: सफारीचे ७५० दिरहॅम आणि साखळीवरच्या परताव्याचे ७५ च्या आसपास. तिकीट बदलाचे ६२,००० आणि बांगड्यांवरचं संभाव्य शुल्क वाचलं. ५ तारखेच्या खरेदीसाठी ठेवलेले दिरहॅम बरेचसे शिल्लक राहिले. परकीय चलनाच्या नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत घरी ठेवता येतात, त्याहून जास्त असतील तर १८० दिवसांत बदलून घ्याव्या लागतात. यांच्या त्या मर्यादेच्या बऱ्याच आत होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

तारखेचं आधी. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळेतलं तिकीट हातात आलं की त्यावर पेनने आपल्या भाषेतला वार लिहावा: 'मंगळवारची रात्र, उजाडता बुधवार', किंवा पंचांगासारखं 'मंगळवार २४:५०'. एजंटने 'प्रस्थान ५ नोव्हेंबर' ऐवजी 'हॉटेल सोडणे: मंगळवार, ४ नोव्हेंबर, रात्री ९' असं छापलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. खोली एक रात्र जास्त का घेतली, तेही त्याच ओळीत.

बुकिंगला एजंटचा नंबर दिला तरी वेब चेक-इन घरातल्या कुणीतरी स्वतः करावं. इथे ते रविवारी रात्रीच उघडलं होतं. तेव्हा पडद्यावर 'विमानाला ४८ तास' असं दिसलं असतं, आणि तासांना वार नसतो.

सर्वांची तिकिटं एकाच पीएनआरवर नसतील, तर वजनाची विभागणी घरून निघतानाच करावी, परतताना नाही. सोन्याची आगाऊ रक्कम देण्याआधी नियम वाचावा. इथे तो रक्कम दिल्यानंतर वाचला गेला, आणि दुकानदार अडून बसला असता तर हजार दिरहॅम गेले असते. अंगावर सोनं घालून जाणाऱ्या आजींचा निर्यात दाखला जातानाच घ्यायला हवा होता, त्यासाठी अर्धा-पाऊण तास लवकर पोचावं लागतं. आणि शेवटच्या संध्याकाळी लॉन्ड्रीला काहीही देऊ नये.

एका मुद्द्यावर मत सरळ देता येत नाही. काहींचं म्हणणं, ६२,००० भरून एक दिवस थांबले असते तर सफारी झाली असती आणि दमछाकही नसती. आजींना दमवणं हा खरंच या निर्णयातला कच्चा दुवा होता. व्हीलचेअरची पंचवीस मिनिटं त्यांना जड गेली. निर्णय घेताना हे कुणी त्यांच्यासमोर नीट मांडलं नाही, त्यांनी पौर्णिमेकडे बघून हो म्हटलं.

५ तारखेच्या संध्याकाळी रामकुंडावर गर्दी होती, म्हणून थोडं अलीकडेच गाडी लावली आणि मुलीने आजींना हाताला धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. साडेसातशे वातींची त्रिपुर वात आईंनी शेजारणीकडून आणून ठेवली होती. दुबईच्या लॉन्ड्रीतल्या दोन साड्या तोवर गच्चीवरच्या दोरीला होत्या, अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या.